नाव काढा, व्हरांडा ठेवा

रणनवरे बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेट्रो स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमधून आई बोलत होती. "तुझ्या बाई गेल्या गं... दुपारी, झोपेतच." हातातली पत्रकं संपवूनच मी निघाले. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल. पण काम अर्धवट टाकून आलेली मी त्यांना चालले नसते. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

मार्था रणनवरे मूळच्या महाराष्ट्रातल्या नगरच्या. दिल्लीत रिजच्या टेकडीजवळच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती कॉलेजात त्यांनी सारी हयात इतिहास शिकवला. त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. दुसऱ्या वर्षाला असताना मी पत्रक काढलं की, या कॉलेजने सुरुवातीला दलितांना दारातही उभं केलं नाही. बाईंनी गेटवर एक प्रत घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि मराठीत विचारलं, "हे कुठे वाचलंस?"

"सगळ्यांना माहीतच आहे, मॅम."

"अच्छा. म्हणजे सगळ्यांनी रजिस्टर बघितलंय. चल, आपणच राहिलो."

प्रवेशाच्या पहिल्याच रजिस्टरमध्ये वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता... चामड्याचं काम, झाडलोट, मजुरी. माझं पत्रक तिथेच खोटं ठरलं. मग बाईंनी हॉस्टेलच्या एका जुन्या वॉर्डनची डायरी पुढे ठेवली. ही मुलं वर्गात सगळ्यांच्या बाकावर बसत, पण त्यांची ताटं बाहेर व्हरांड्यात वाढली जात. हे बरंच चाललं. मग एका संध्याकाळी आत बसलेल्या पोरांनी एकेक करून आपापली ताटं उचलली आणि व्हरांड्यात जाऊन बसली. त्यानंतर कॉलेजात एकच पंगत. बाईंनी मला "चूक माझी" असं छापून त्याच गेटवर वाटायला लावलं. मित्र हसले, "माफीनामा बाँट रही है, यार." मी वाटला. तेव्हापासून पुराव्याशिवाय मी एक ओळ छापलेली नाही.

कॉलेजचा इतिहास लिहायचं काम बाईंकडे आलं तेव्हा मी त्यांच्याकडे जुन्या कागदांच्या नकला करायला जात असे. त्यामुळे पुस्तकाच्या कमिटीतले एक गृहस्थ घरी आले, तेव्हा मी तिथेच होते. "मॅडम, जुबिली का साल है. हे व्हरांड्याचं प्रकरण कशाला?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "व्हरांडाच काढला तर ती पोरं ताटं घेऊन गेली कुठे, ते कसं सांगू? या कॉलेजची छाती फुगावी अशी ती एकच संध्याकाळ आहे हो."

गृहस्थांनी मग खरं ते काढलं. बाईंचे पणजोबा नगरहून इथे शिकायला आलेले, त्या व्हरांड्यात जेवलेले. लोक म्हणतील, घराण्याचा राग काढला. प्रकरण ठेवायचंच असेल तर पुस्तक कमिटीच्या नावाने निघेल.

मी चिडून उठलेच. बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "नाव काढा," त्या म्हणाल्या, "व्हरांडा ठेवा."

सात वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक... दोन वाक्यांत देऊन मोकळ्या. परतताना गृहस्थ चहाही न पिता गेले, तर बाई मला म्हणतात, "त्याचा कप पिऊन टाक, वाया जाईल." मी त्या दिवशी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, ही शरणागती आहे. त्या म्हणाल्या, "प्रकरण छापून येतंय ना? मग हरलं कोण?"

आलं छापून. एक शब्द कमी नाही. आज दुसऱ्या वर्षाची मुलं जेवणाच्या हॉलमध्ये नव्यांना ती गोष्ट सांगतात, बिल्कुल स्वतः ताट उचलल्यासारखी.

परवा मी कॉलेजच्या लायब्ररीत गेले. ते पुस्तक काढलं. व्हरांड्याच्या प्रकरणाची पानं बोटांनी काळी पडली आहेत, बाकीची कोरी करकरीत. पहिल्या पानावर फक्त "संपादन समिती". मी पेन काढलं आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलं, लेखिका मार्था रणनवरे. लायब्ररीचं पुस्तक खराब केलं म्हणून बाई रागावल्या असत्या, माहीत आहे. ग्रंथपाल समोरच उभे होते. त्यांनी पान बघितलं आणि कपाटातून दुसरी प्रत काढून, पहिलं पान उघडून माझ्यापुढे ठेवली.