सोयाबीनवरचा फ्लेक्स

शेतातल्या सोयाबीनच्या गंजीवर बाबा अजूनही तोच जुना फ्लेक्स टाकतात. उन्हात तापला की त्याला प्लॅस्टिकचा उग्र वास सुटतो, आणि मला आर्णीचा बसस्टँड आठवतो.

जर्मनीत, देशोदेशीच्या मुलांबरोबर भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी परतले होते. पुढे पीएच.डी.ला कुठेच प्रवेश मिळाला नव्हता. आणि स्टँडसमोर हा फ्लेक्स. पदवीदानाच्या काळ्या झग्यातला माझा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘गावाची शान, शास्त्रज्ञ’. तो बाबांनीच लावला होता. मी ओढणी तोंडावर ओढून घेतली.

ऑटोवाल्यानं फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ताई, हे तुम्हीच ना?”

“नाही,” मी म्हटलं.

माझी बॅग घेऊन बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी बॅग ऑटोत ठेवली. मग ऑटोवाल्याला म्हणाले, “नाही बा, थे दुसरी पोरगी हाये.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो फ्लेक्स उतरवून आणला.

परवा गंजी झाकताना मी विचारलं, “बाबा, फोटोची बाजू नेहमी आत काहून टाकता?”

दोरी आवळत ते म्हणाले, “तुले लाज वाटते ना, बाई.”