कॅलेंडरामागची तळी

बातमी आली तेव्हा मी इंग्लंडातल्या रीडिंग स्टेशनच्या फलाटावर उभी होते आणि माझ्या पिशवीत दुसरीच्या मराठी पुस्तकाचं कव्हर होतं. नुसतं कव्हर, पुस्तक नाही. ऑफिस सुटल्यावर एका मैत्रिणीच्या घरी जाऊन ते सोडवून आणलं होतं, आणि मी इतकी खूश होते की गाडीची वाट बघताना दोनदा बाहेर काढून न्याहाळलं. बत्तिसांपैकी एकतिसावं! आता स्लाऊला घरी जायचं, आत्यांच्या पुढ्यात ते पसरायचं, मग त्या चष्मा शोधणार, चष्मा डोक्यावरच असणार... आणि फोन वाजला. माझा नवरा नीरज. "मेघना, आत्या गेली. दुपारच्या झोपेतच. तू सावकाश ये, घाई करू नकोस." मी त्याला काय म्हणाले असेन? "अरे, पण मला एकतिसावं मिळालंय!" असं म्हणाले. आज पाच आठवडे झाले, तरी ते आठवलं की मला माझाच राग येतो. आत्यांना मात्र ते ऐकून हसू आवरलं नसतं, एवढं मला माहीत आहे.

शरयूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. वय सत्याऐंशी, उंची जेमतेम पाच फूट. सांगलीतून लग्न करून खाणीत नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर त्या कॅनडाच्या पार उत्तरेला गेल्या. तीन वर्षांत नवरा आजारपणात गेला. परत ये, परत ये, म्हणून घरच्यांनी पत्रांवर पत्रं धाडली, आणि आत्यांचं उलट टपाली उत्तर आलं की त्या विमान चालवायला शिकतायत. तिकडे रस्ते नाहीत, नुसतं रान आणि मोजता येणार नाहीत इतकी तळी. त्या तळ्यांवर उन्हाळ्यात छोट्या विमानाला होड्यांसारखे पाय लावून उतरायचं, हिवाळ्यात त्याच तळ्यांच्या बर्फावर स्की लावून उतरायचं. टपाल पोचवायचं, नर्सला न्यायचं, आजाऱ्याला आणायचं. हे काम करणाऱ्याला तिकडे बुश पायलट म्हणतात. त्या मुलखात हे काम करणारी पहिली बाई म्हणजे आमच्या आत्या. नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी! मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो.

आणि याच बाईला मी पहिल्या भेटीत एअर होस्टेस ठरवलं होतं. लग्न होऊन मी पुण्याहून स्लाऊला नवीनच आले होते. "आत्या विमानात होती," एवढंच नीरज म्हणाला होता. तोवर त्या कॅनडा सोडून भावाजवळ राहायला आल्या होत्या. मी अगदी आदरानं विचारलं, "आत्या, ती ट्रॉली ढकलताना कंबर दुखत नसे का तुमची?" आत्यांनी माझ्या कपात चहा ओतला, साखर घातली, ढवळली आणि म्हणाल्या, "ट्रॉली नव्हती गं. एकदा सोळा कुत्रे होते. सगळे ओकले." नीरजचा चहा नाकातून बाहेर आला. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागेच लागले. सुनेनं सासूबाईंच्या नणंदेकडे जाऊन काय बोलावं, असं माझ्या आईला फोनवर वाटे. आम्ही बोलायचो ते गोठलेल्या इंजिनाबद्दल! कडाक्याच्या थंडीत मुक्काम पडला की विमानातलं तेल डब्यात काढून घ्यायचं, घरात शेगडीजवळ ठेवायचं आणि निघायच्या आधी ते गरम तेल पुन्हा इंजिनात ओतायचं. "बाळाला तेल लावायच्या आधी आपण कोमट करतो ना, तेवढ्याच प्रेमानं," आत्या म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि त्यांची खोली खाली आणावी लागली. माळा आवरायचं काम मी अंगावर घेतलं. तिथे एका ट्रंकेत जुन्या कॅलेंडरांची पानं निघाली. सांगलीच्या एका पेढीचं मोठं कॅलेंडर आत्यांचे वडील दरवर्षी तिकडे पाठवत असत. जाड कागद, एका बाजूला देवादिकांची चित्रं, दुसरी बाजू कोरी. मी स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी मुलांना मराठी शिकवते. पुण्याहून मागवलेली पुस्तकं तेव्हा नुकतीच आली होती आणि त्यांना कव्हरं घालायची होती. आता, ज्या घरात जून महिना आला की आई जमिनीवर बसून आमच्या पुस्तकांना जुन्या कॅलेंडरांची कव्हरं घालायची, त्या घरातली मुलगी असा कागद सोडेल का? मी वरूनच ओरडले, "आत्या, ही कॅलेंडरं घेऊ का?" खालून आवाज आला, "लागतील ती घे." मागच्या बाजूला पुसट पेन्सिलीनं काही रेघोट्या होत्या, अक्षरं होती... पोळपाट, कढई, परडी. कुठली तरी जुनी सामानाची यादी, असं मी धरून चालले. ती बाजू आत घातली, गणपती-सरस्वती बाहेर ठेवले आणि बत्तीस पुस्तकं अशी देखणी सजवली की बघणाऱ्यानं बघतच राहावं. नावांच्या चिठ्ठ्या डकवून ती हाउन्सलोपासून रीडिंगपर्यंतच्या घरांत वाटूनही टाकली.

गेल्या उन्हाळ्यात कॅनडातून मेल आला. आत्या जिथे उडत होत्या त्या गावात विमानांचं एक लहानसं संग्रहालय आहे. ते सांभाळणाऱ्या क्लेअर नावाच्या बाईनं लिहिलं होतं: आत्यांचं विमान त्यांनी दुरुस्त करून मांडलंय, आता त्यांचे नकाशे हवेत. तिकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे ही बाई प्रत्येक तळ्याचा नकाशा स्वतः काढायची, आणि ते नकाशे देवांच्या पाठीवर असायचे! क्लेअरला याचा काही अर्थ लागत नव्हता. मला तर मेल वाचता वाचताच लागला. त्या काळी छापील नकाशांवर त्या भागात नुसती पांढरी जागा असे. आत्या एकदा तळ्यावर उतरल्या की कॅलेंडरचं उलटलेल्या महिन्याचं पान फाडायच्या आणि मागे तळं काढून ठेवायच्या: खडक कुठे, वारा कसा फिरतो, धूर कुठल्या घरातून दिसतो. सगळं मराठीत. आणि मी पायलट बाईच्या आयुष्यभराच्या कामाची कव्हरं करून बसले होते.

मी त्यांच्या पलंगाशी बसून सगळं कबूल केलं. रडत रडत. आत्या हसल्या. एकही प्रश्न न विचारता, खो खो हसल्या, पार ठसका लागेपर्यंत. मला वाटलं, धक्का बसलाय. मग पाणी पिऊन म्हणाल्या, "आण गोळा करून. पण लवकर आण. त्यातल्या निम्म्या खुणा कागदावर आहेत, निम्म्या माझ्या डोक्यात." हीच तर खरी धास्ती होती. त्यांचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी काही लपवून ठेवलं नव्हतं. नकाशा आणि आत्या एकाच टेबलाशी आले तरच त्या खुणा कुणाला कळणार होत्या.

मग जी धावपळ झाली! पालकांच्या ग्रुपवर मी निरोप टाकला आणि फोन सुरू झाले. "मेघना, आमचं पुस्तक सासूबाई नागपूरला घेऊन गेल्या गं!" "मेघनाताई, डोण्ट किल मी, पण ते आम्ही चॅरिटी शॉपला दिलं." त्या दुकानात मी आणि नीरज शनिवारी ते उघडायच्या आधीच दारात उभे होतो, आणि पाककृतींच्या पुस्तकांमध्ये आमची सरस्वती दिसली तेव्हा मी अशी किंचाळले की काउंटरवरच्या बाईंनी मला खुर्ची दिली. प्रत्येक कव्हर घरी आणायचं, इस्त्रीच्या मंद आचेवर घड्या मोडायच्या, कोपऱ्यातला आकडा बघायचा (आत्यांनी एक ते बत्तीस आकडे घातले होते) आणि त्यांच्यासमोर ठेवायचं. त्या बोटानं काठ फिरून दाखवायच्या, मी फोनवर रेकॉर्ड करायची. "हे पोळपाट, पूर्ण गोल. ही कढई, इथे कान आहेत बघ दोन्हीकडे. तिथल्या लोकांची नावं असतातच गं प्रत्येक तळ्याला. मला नीट म्हणता येईनात, तोवर ही माझी. पुढे त्यांचीही लिहिली, ही बघ खाली." एका ठिकाणी नुसती उभी रेघ होती. ती कसली, म्हणून विचारलं. "एक म्हातारी काठावर उभी राहायची. मी येतेय म्हटल्यावर चहा टाकायची. ती दिसली की समजायचं, वारा ठीक आहे." त्या दोन महिन्यांत आत्या आजारी आहेत हे आम्ही दोघीही विसरलो होतो. फक्त एकोणीस नंबर कुठे गेला म्हटलं की त्या तेवढं म्हणायच्या, "येईल गं." तो पुस्तकासकट हरवला, असं माझ्या वर्गातल्या, हाउन्सलोच्या ईराच्या आईनं कळवलं होतं.

आत्या गेल्यावर आम्हाला भेटायला येणाऱ्यांची तेराव्या दिवशीही रीघ होती. त्यांत ईरा आली, आईबाबांबरोबर. नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली, माझ्या वर्गातली सर्वांत गप्प मुलगी. सगळे चहा घेत असताना ती मला आत्यांच्या खोलीत ओढून घेऊन गेली आणि जॅकेटच्या आतून पुस्तक काढलं. "मी लाय केला, मावशी. पुस्तक हरवला नव्हता. आजीने मला दिला. सीक्रेट होता."

मला आधी कळेचना. मग आठवलं. वसंतात एकदा आत्या हट्टानं व्हीलचेअरवरून वर्गात आल्या होत्या, तासभर मागच्या रांगेत ईराशेजारी बसल्या होत्या. म्हणजे मेल येण्याच्या कितीतरी आधी! म्हणजे आपली तळी मुलांच्या दप्तरांतून फिरतायत हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि त्या मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. मी कव्हर उलगडलं. परडी नावाचं तळं, अर्धवट काढलेलं. पेन्सिलीच्या अक्षरात: "पाणी अगदी स्थिर असेल तर पाण्याकडे बघू नये, उंची कळत नाही. काठाकडे बघत उतरावे." त्याखाली निळ्या पेनानं, थरथरत्या हातानं, अगदी ताजं: "ईरा, वारा उलटला म्हणून हे तळं मला पुरं काढता आलं नाही. उरलेला कागद तुझा. तुझ्या घराजवळचं पाणी काढ." आणि उरलेला कागद स्केचपेननं गच्च भरला होता. हाउन्सलोच्या बागेतलं तळं, बसचा थांबा, बाणांनी दाखवलेला वारा. "इथे बदक चावतो." "इथे चिखल आहे, पळायचा नाही." एका कोपऱ्यात काम चालू होतं, रेघ अर्ध्यावर थांबलेली.

"आता तू हा कॅनडाला पाठवणार?" ईरानं विचारलं. खोटं का सांगू, मला तो हवा होता. बत्तीसच्या बत्तीस! क्लेअरला मी शब्द दिला होता, त्याच एका शब्दासाठी दोन महिने पळत होते. मी कागदाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं... आणि आत्यांच्या टेबलाशी बसून ते कव्हर पुन्हा पुस्तकाला घातलं, कोपरे आईच्या पद्धतीनं दुमडून.

गेल्या आठवड्यात एकतीस नकाशे आणि आत्यांचा आवाज, दोन्ही रवाना झाले. सोबत क्लेअरनं पाठवलेला तक्ता भरून द्यायचा होता: प्रत्येक नकाशाचा क्रमांक आणि पुढे त्याची सद्यस्थिती. चांगली, घडी पडलेली, डाग असलेला, असं मी लिहीत गेले. एकोणिसाव्या ओळीपुढे लिहिलं: वापरात आहे.