आई प्रभुभोजन का घेत नव्हती

रविवारची ड्यूटी मी मागून घ्यायचे. लातूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे तिथं बाकीच्या पोरी रविवारच्या सुट्टीसाठी भांडायच्या आणि मी म्हणायचे, "जा गं, लेकरांकडं बघा, मी आहे इथं." स्वभाव माझा काही एवढा दिलदार नाही. मला फक्त चर्चला न जायला सबब पाहिजे होती, आणि ती सात वर्षं बिनबोभाट चालली. प्रार्थना बंद, बायबल कपाटात हिवाळी कपड्यांच्या खाली. देवाशी मी बोलणंच टाकलं होतं.

माझा भाऊ गेला तेव्हापासून. बावीस वर्षांचा होता, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मुदखेडच्या रस्त्यानं पळायचा. त्याला डेंग्यू झाला. नांदेडला दवाखान्यात ठेवलं, पण पेशी रोज उतरत होत्या. त्याच आठवड्यात नांदेडच्या एका मैदानावर बाहेरून आलेल्या उपदेशकाची तीन दिवसांची सभा होती. आजाऱ्याला मंडपात आणा, हात ठेवला की बरा होईल, आणि सलाईन लावून आणाल तर तो अविश्वास, असं तो माइकवरून सांगायचा. भावाला दवाखान्यातून काढून तिथं नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गीत चालू असताना, त्यानं सतरंजीवरच जीव सोडला. मंडळीनं देवाची इच्छा म्हणून डोळे पुसले आणि जेवणाचे डबे उघडले. त्या डब्यांचा मला आजही संताप येतो.

नंतर जो विचारील त्याला मी एकच सांगत आले. आईनं हट्ट केला, अडाणी बाई, तिच्यापुढं माझं काय चालणार? आई तिथंच बसलेली असायची. एकदाही तिनं तोंड उघडलं नाही. मग मी लातूरला नोकरी धरली आणि घरी जाणं कमी केलं.

यंदा आईच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा रजा काढून मुदखेडला गेले. तिसऱ्या दिवशी तिथल्या चर्चचे पाळकसाहेब आले, सोबत घरी प्रभुभोजन द्यायची छोटी पेटी, आत येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस. आईनं मान हलवून नको म्हटलं. मला वाटलं, गिळता येत नाही म्हणून असेल.

बाहेर चपला घालताना ते म्हणाले, "ताई, ही आजची गोष्ट न्हाई. सात वर्षं झाली, चर्चमध्ये भाकरीचं तबक आलं की त्या हात न लावता पुढं सरकवतात. कुणाबद्दल मनात काही असेल तर आधी त्याच्याशी मिटवायचं, मग भाकर घ्यायची, अशी शिकवण आहे आपली. लोक काय, तसंच घेऊन टाकतात. तुमच्या आईनं न्हाई घेतली. कोणाशी आहे ते सांगत न्हाईत. तुम्ही विचारून बघा, आता दिवस थोडे आहेत."

मला विचारायची गरज नव्हती. आधी तर राग आला. म्हटलं, म्हातारीनं माझ्यावर डूख धरला होय! घरातली भांडी आपटत घासली. पण घासून घासून किती घासणार? खरं काय ते मला ठाऊक होतं. दवाखान्यात आई म्हणाली होती, "राहू दे त्याला इथंच, ताप उतरू दे, मग नेऊ." मीच तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, तुझा विश्वास कमी पडतो म्हणून. स्वतःच्या जिम्मेदारीवर नेतोय, या कागदावर सही माझी. सलाईनची सुई काढली तीही मीच, नर्स ना मी, मला येत होतं.

दुपारी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत होते. हात थांबवून म्हणाले, "आई, त्याला मी नेलं. तू नको म्हणत होतीस. आणि सात वर्षं मी तुझं नाव सांगत फिरले."

तिनं कापूस धरलेला माझा हात बाजूला सारला. मग म्हणाली, "मी बोलले न्हाई, कारण लोकांनी तुला नर्स असून भावाला मारलं म्हटलं असतं. तुझी नोकरी गेली असती. पण पोटात तुझा लई राग होता. रोज प्रार्थना करून राहिले, जात न्हाई. राग ठेवून ती भाकर कशी घेऊ?"

मी विचारलं, "आता गेला का?"

"न्हाई गेला," ती म्हणाली. "पण आता आपण दोघी खरं बोलून राहिलो. बोलाव त्यास्नी."

संध्याकाळी पाळकसाहेब परत आले. त्यांनी भाकरीचा कण द्राक्षरसात बुडवला आणि तिच्या जिभेवर ठेवला. तो उतरायला फार वेळ लागला, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाळकसाहेब आणि मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. उतरला. मग ते माझ्याकडं वळले, आणि मी घेणार का हे कसं विचारावं ते न कळून आईकडं बघायला लागले. आई म्हणाली, "तिला विचारा. तिचं देवासंगं काय आहे, मला काय ठाऊक?"

माझं देवाशी भांडण नव्हतंच. मी त्याच्यापासून लपत होते. एवढं त्याला मनात सांगितलं, भावाचं नाव घेतलं आणि भाकरीसाठी हात पुढं केला.

आई पुढं नऊ दिवस होती. शेवटच्या दिवसांत ती कधी माझा हात धरायची, कधी तोंड भिंतीकडं करायची. दोन्ही वेळा मी तिथंच बसून राहिले.