माणसं उतरली, ऐन वाढले

दिवाळीचा फराळ संपायच्या आत मी पिशवी भरली. नव्वदच्या दशकात पेठ तालुक्यातल्या ज्या पाड्यावर शिकवलं, तो पुन्हा डोळे भरून पाहायचा होता. नाशिकहून सकाळची एसटी पकडा, ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे. सावळ घाटात खिडकी मात्र सोडू नका. फाट्यापासून तासभर पायी.

आणि काय सांगू! माझ्या वेळचा बोडका डोंगर ऐनाच्या झाडांनी गच्च! तेव्हा कवितेच्या तासाला 'वनराई' समजावताना खिडकीबाहेर दाखवायला धड सावलीसुद्धा नसायची. मी वाटेतच टाळ्या पिटल्या.

माझा जुना विद्यार्थी सोमनाथ अंगणात बोचकी बांधत होता.

"जंगल कसं रे परत आणलंत?"

"आम्ही नाय आणलं, गुरुजी. आम्ही गेलो, ते आलं."

नागलीची भाकरी, उडदाची आमटी खाता खाता उलगडा झाला. भात-नागलीचं बी पेरायच्या जागी फांद्या, पाला पसरून जाळतात, तो राब. फांद्या थंडीत तोडायच्या. पण थंडीत अख्खा पाडा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला. झाडं माजली, राबाविना शेत रोडावलं, म्हणून पुन्हा बागा!

दुसऱ्या सकाळी बागेचा टेम्पो येणार होता. सोमनाथची चौथीतली लेक कमलही आईबापांबरोबर जाणार. शाळा शिमग्यापर्यंत बुडणार.

सोमनाथची बायको हिराबाई म्हणाली, "यंदा राब तोडून ठेवा, शेत पिकंल, न् तुम्ही एकटे जा. मी न् पोर इथंच ऱ्हातो."

"टेम्पोची दुसरी खेप तीन दिसांनी. तेवढ्यात दोघांच्यानं व्हतंय व्हय? पाड्यात हात कुठं उरलेत?"

"अरे, पण झाडं?" मी कळवळलो.

हिराबाई फटकन म्हणाली, "गुरुजी, झाडाची लय माया. पोरीच्या दप्तराची नाय?"

सोमनाथ हसला. "शेंडा सोडतात, गुरुजी. ऐन मरत नाय, फुटतो."

इतकी वर्षं तिथे शिकवलं, आणि मी राबाला नुसती लाकूडतोड समजत होतो!

"माझे हात घे," म्हणालो.

तीन दिवस सोमनाथ झाडावर, मी आणि हिराबाई खाली. मी भारे ओढले, घसरलो, पोटभर हसलो. टेम्पोत तो एकटा चढला. तासाभराने कमल दप्तर घेऊन दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलेल्या शाळेला पळाली.

नाशिकला इंदिरानगरच्या घरी सौ. माझ्या तळहातातली कुसळं काढत म्हणाली, "अहो, जंगल बघायला गेला होतात की तोडायला?"

दोन्ही, म्हटलं. तुम्हीही जा. डोंगर हिरवागार दिसला तर खुशाल टाळ्या वाजवा, पण पाड्यातली किती दारं उघडी आहेत तेही बघा. पुढच्या वर्षी तो डोंगर जरासा विरळ दिसला, तर मी आणखी जोरात वाजवीन.