नातीवर घातलेली वाकळ

"बाळ प्रीमॅच्युअर आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेलं. "हायपोथर्मियाही आहे." म्हणजे अंग गार पडतंय, स्वतःची ऊब धरता येत नाही. मला एवढंच कळलं, की माझी नात गारठली आहे.

सुनेचं बीपी चढलेलं, ती दुसऱ्या वॉर्डात. पोरगा सर्दीनं शिंकत होता, त्याला बाळाजवळ सोडत नव्हते. राहिलो मी. माझी कारभारीण असती तर तिनं निभावलं असतं. ती यंदाच गेली. जायच्या आधी आपल्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून ठेवली होती, येणाऱ्या नातवंडासाठी. ती मी पिशवीत घालून आणली होती.

काचेतनं बघितलं तर पोरगी उघडी. लंगोट तेवढा. वर लाल तापलेली दांडी. वॉर्मर म्हणतात, वरनं ऊब सोडणारं यंत्र. शेजारी तरुण नर्स, गळ्यातल्या कार्डावर 'विद्यार्थिनी' लिहिलेलं. मी तिथंच आवाज चढवला.

"गारठलेल्या लेकराला उघडं टाकतीस व्हय? माझ्या नातीवर शिकू नकोस. जाणती बाई बोलव."

"आजोबा, नर्स होऊन मला बरीच वर्षं झाली. हे तान्ह्या बाळांचं वेगळं शिक्षण आहे. त्यासाठी परत शिकायला आलेय."

मी ऐकून घेतलं नाही. मोठ्या सिस्टरांकडं तक्रार केली. त्यांनी तिला पलीकडच्या बाळाकडं धाडलं.

दुपारी हात धुवायला लावून, गाऊन घालून मला आत सोडलं. सिस्टर औषध आणायला वळल्या तशी मी गाऊनच्या आतनं वाकळ काढली आणि नातीला पांघरली. कारभारणीचाच हात फिरला असं वाटलं.

थोड्या वेळानं यंत्र ओरडायला लागलं. पलीकडनं तीच पोरगी धावत आली. वाकळ बाजूला केली, बाळाच्या पायाला हात लावला. पाय गार.

"हे कुणी घातलं?" मोठ्या सिस्टर तिच्यावरच कडाडल्या. तिनं माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी घातली," म्हटलं.

मग तिनंच समजावलं. ऊब वरनं येते, ती उघड्या अंगावर पडावी लागते. वाकळीनं ती अडली. बायकोनं मायेनं शिवलेल्या वाकळीनं मी नातीला गार पाडलं होतं. मान वर होईना. पावणं, तुमचं कुणी अशा काचेआड असलं तर आधी विचारा. मी ओरडलो, विचारलं नाही.

बाळ सावरलं. सून अजून अंथरुणालाच, पोराची सर्दी हटली नव्हती. काही दिवसांनी त्या पोरीनंच मला हाक मारली. "आजोबा, कांगारू केअर करायचंय." म्हणजे उघड्या छातीवर बाळ धरून आपल्या अंगाची ऊब द्यायची. "सदरा काढा."

"इतक्या बायकांत?"

"नात उघडी म्हणून भांडलासा की. आता तुमची पाळी."

शेजारच्या बाळाची आई तोंडाला पदर लावून हसली.

सदरा काढला. नुसती हाडं आणि पांढरे केस. चिमणीएवढं ओझं छातीवर आलं.

"हात थरथरतोय माझा."

"थरथरू द्या. सोडू नका म्हणजे झालं."

दवाखान्यात धुऊन वाळवलेली वाकळ तिनं आणली, आम्हा दोघांवरनं पांघरली. "आता घालायची," म्हणाली.

माफी मागायला तोंड उघडलं.

"बोलू नका, आजोबा," ती म्हणाली. "छाती हलते. झोपलीय ती."