भामाआजींची परात

आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर भामाआजी एकट्या राहतात. पनवेलच्या खाडीकाठी त्यांचं मिठागर होतं. तिथे भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या आणि मोबदल्यात हा फ्लॅट मिळाला. मुलगा प्रणित कॅनडात असतो.

आजी अजून मीठ पिकवतात. मी खाडीवर फिरायला गेले की त्यांच्यासाठी कॅनभर पाणी आणावं लागतं. लिफ्टमध्ये लोक नाकं मुरडतात, मीही कुरकुरते, पण आणते. ते गॅलरीतल्या परातीत ओतून आजी दिवसभर शेजारी बसतात. पाणी उडून जातं, तळाशी मीठ राहतं. आभाळ भरून आलं की त्या घाईघाईने मीठ उचलतात, कारण पावसात ते विरघळून जाईल.

परवा मी विचारलं, "आजी, परातीतलं पाणी जातं तरी कुठं?"

"वर जातं. माथेरानच्या डोंगरावर पडतं, गाढी नदीतून परत खाडीत येतं. तुझ्या कॅनमदी."

तेवढ्यात प्रणितचा फोन आला. पुढच्या वर्षी नक्की येतो, म्हणाला. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता. माझं डोकंच फिरलं, पण आजींचा चेहरा बघून म्हटलं, "येईल हो तो. पाणीसुद्धा फिरून येतंच की."

आजी परातीतलं मीठ बोटांनी गोळा करत होत्या.

"येतं गो बाय," त्या म्हणाल्या. "पन ते येतं तवर मीठ उचललेलं असतं."