जवानाची लेक आणि काठीचा नवस

ती घटना आठवली की आजही पाठ ताठ होते. आमच्या ठाण्याची हद्द केवढी, तर समन्स घेऊन गेलेला शिपाई परतेपर्यंत त्याची बढती झालेली असायची.

एके सकाळी निनावी फोन आला : शहीद जवानाची अनाथ मुलगी म्हणून सरकारी मदत मागणारी पोर खोटी आहे, जवानाला मूलच नव्हतं.

माग काढला. फोन खापर गावच्या बाजारातून, करणारा जवानाचा सख्खा भाऊ!

मुलगी बारावीला, आईविना आजीकडे वाढलेली. तिला नर्स व्हायचं होतं. ती तान्ही असताना, लष्कराच्या कागदावर तिचं नाव चढायच्या आत, बाप सीमेवर पडला होता. तक्रार खरी ठरली असती तर शिक्षण राहिलं बाजूला, फसवणुकीचा गुन्हा मलाच दाखल करावा लागला असता. रक्ताच्या तपासणीला पाठवावं, तर अहवाल येईपर्यंत पोर आजी झाली असती.

काकाला ठाण्यात आणलं. "भावाला पोर नव्हती," एवढंच पालुपद. मी असा गरजलो की कोठडीतल्या आरोपीने न विचारता दोन जुन्या चोऱ्या कबूल केल्या. काका ढिम्म.

हवालदार कानाशी म्हणाला, "साहेब, हाऊ गडी पाठ करीसन येल शे."

पढून आलेल्यावर ओरडून उपयोग नव्हता. मग मी चहा मागवला आणि विषयच बदलला. "काय रे, काठी गावच्या होळीत बावा झालास का कधी?"

नवस फेडणारा तिथे बावा होऊन रात्रभर नाचतो. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे, डोक्याला मोरपिसं. होळीचे दिवस पाळायचे, खाटेवर बसायचंसुद्धा नाही.

गड्याचा चेहरा फुलला. "मी झालो एकदा. पण भाऊ! सुट्टी काढून आला होता. साहेब, तू बघायला पाहिजे होतं. तसा बावा डोंगरात झाला नाही!"

"नवस कशाचा फेडला त्याने?"

कप ओठाशीच थांबला.

"सांग की, नवस नव्हताच. उगाच नाचला."

त्याने कप खाली ठेवला. "तुला खोटं सांगेन साहेब, देवाला नाही. पोर झाली म्हणून नाचला. हीच पोर."

पोर नसेल तर भावाच्या नावाचं सगळं तुलाच मिळेल, असं बाजारात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरलं होतं. जबाब झाला. त्या वर्षी सोबत नाचलेल्यांनीही साक्ष दिली. पुढे मदत मंजूर झाली, तेव्हा मी टाकलेल्या सुस्काऱ्याने ठाण्याचा पंखा फिरला म्हणतात.

जबाबाच्या दिवशी मुलगी आजीसोबत ठाण्याच्या ओट्यावर बसली होती. काकाला तिने एकच विचारलं, "काका, बाबा कसे नाचले होते?"

काकाने चपला काढल्या.

आरडाओरड्याने सत्य निघत नाही, हे मी तेव्हा शिकलो. माणूस कशाबद्दल खोटं बोलूच शकत नाही, ते आधी शोधावं. डायरीत मी 'चौकशी पूर्ण' लिहिलं. ठाण्याच्या आवारात झालेल्या नाचाची नोंद केली नाही. कुठल्या कलमाखाली करणार?